अप्पांच्या अंगठ्याखालचं आभाळ

दार लावा आधी! हो, तुम्हालाच म्हणतोय. दार उघडायचं आणि आत बघत उभं राहायचं, ही कसली हो तुम्हा माणसांची सवय? काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक नसतं. दूध दिसतं, कापून ठेवलेलं अर्धं लिंबू दिसतं, वाटीत दोन चमचे उरलेलं काहीतरी दिसतं. उसासा टाकून दार लावता आणि थोड्या वेळाने परत हजर! जसं काही मधल्या वेळात आत कुणी पंगतच मांडून ठेवलीय.

मी फ्रीज बोलतोय. एका दाराचा, गोल खांद्यांचा, चकचकीत मुठीचा, जुन्या वळणाचा. आता मला फ्रीज म्हणायचं की नाही यावर घरात मतभेद आहेत, पण ते पुढे येईलच. आधी जन्मापासून सुरुवात करू, तशी पद्धत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आधी पत्र्याची पेटी झाली, मग दार बसलं, मग पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी चढली. तोवर मी नुसता खोका होतो. जीव आला तो गॅस भरला तेव्हा. एका कामगाराने नळी जोडली, चावी फिरवली आणि सुर्रकन आत शिरले आमचे गॅसराव.

त्या काळी गॅसरावांचा थाट काही विचारू नका. वास नाही, रंग नाही, पेट घेत नाही, श्वासात गेला तर लगेच कुणाला भोवळ नाही. त्याच्या आधीचे गॅस म्हणजे एकेक नग होते. गळले की माणसं आडवी व्हायची. हा मात्र इतका गुणी की कारखान्यातले लोक म्हणायचे, "जावई मिळावा तर असा!" गॅसराव नळ्यांतून गोल गोल फिरायचा, माझ्या पोटातली उष्णता उचलायचा आणि पाठीमागे नेऊन टाकायचा. कामाला वाघ. पण तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"हे काय जगणं झालं?" तो कुरकुरायचा. "फिरा, फिरा आणि परत तिथेच या. एक दिवस मी इथून सटकणार आणि वर जाणार. पार वर!"

"वर काय आहे?" मी विचारायचो.

"ते गेल्यावर कळेल."

कळलं, कळलं. साऱ्या जगालाच कळलं. पण त्याला अजून अवकाश होता.

मला विकत घेतलं ते अप्पांनी. अप्पा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. चौकात त्यांचं दोन माणसं जेमतेम मावतील एवढं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर ते कुणाच्या ना कुणाच्या घड्याळाच्या पोटात शिरलेले असायचे. बंद पडलेली वस्तू फेकून द्यायची, ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. "माणूस आजारी पडला तर फेकतो का आपण?" असं गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

मी घरी आलो, वायर लावली आणि पहिल्याच दिवशी घुर्रर्र करून सगळं स्वयंपाकघर हलवून सोडलं. मालकीणबाई दचकल्या.

"अहो, हा घोरतो की!"

"घोरू दे," अप्पा म्हणाले. "घरात आणखी एक पुरुषमाणूस आला समज."

"म्हणजे आता दोघांचं ऐकायचं का मी?"

असं माझं स्वागत झालं. पण बाईंचा माझ्यावर जीव जडला. माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतः विणलेला रुमाल घातला आणि त्यावर त्यांचं लाडकं गजराचं घड्याळ ठेवलं. येता-जाता माझ्या पाठीत एक थाप मारायच्या. मी जरा जोरात घोरायला लागलो की "पुरे रे," म्हणायच्या. आणि मी खरंच थांबायचो. आता तो थांबण्याच्या वेळेचा योगायोग होता असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

अप्पांची एकच खोड मला नकोशी व्हायची. माझ्या वरच्या कप्प्यात बर्फ साठला की शहाणी माणसं मला बंद करून ठेवतात, गरम पाण्याचं भांडं आत ठेवतात आणि वाट बघतात. अप्पांना वाट बघणं जमेना. आयुष्यभर इतरांची वेळ सांभाळून बहुतेक त्यांचा सगळा धीर संपला होता. घड्याळांची मागची झाकणं उघडायची आपली पातळ पात्याची सुरी ते आणायचे आणि तिने बर्फ खरवडायला बसायचे. त्या बर्फाच्या मागे बोटभर अंतरावर माझी नळी! सुरी जवळ आली की माझा जीव टांगणीला, आणि गॅसराव आतून टाळ्या पिटायचा. "हाण, अप्पा, हाण!"

मग मालकीणबाई गेल्या.

त्यांच्यामागे घरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. रडणं-बिडणं माणसांसमोर झालं. खरं दुःख नंतर आलं, सगळे आपापल्या घरी गेल्यावर. अप्पांच्या घरात भिंतभर घड्याळं होती. त्यांनी स्टूल घेतलं आणि एकेक करून सगळी थांबवली. टिकटिक सोसत नाही म्हणाले. माझ्या डोक्यावरचं बाईंचं घड्याळही थांबवलं. मग माझ्या बटणावर हात ठेवला. मी म्हटलं, झालं, आता आपली पाळी. पण ते तसेच उभे राहिले आणि पुटपुटले, "दूध नासेल." हात काढून घेतला.

त्या दिवसापासून त्या घरात आवाज म्हणून उरला तो माझा. अप्पांनी आपली खाट ओढून स्वयंपाकघराच्या भिंतीशी आणली, माझ्या अगदी शेजारी. दुपारी जेवण झालं की आडवे व्हायचे. मी घुर्रर्र सुरू केलं की डोळे मिटायचे. मी टक् करून थांबलो की टक्क जागे. मला थांबायचीच चोरी झाली. खरं सांगतो, पुष्कळदा आतलं सगळं गारठून दगड झालेलं असायचं, तरी मी चालूच राहायचो. विजेचं बिल वाढलं की अप्पा वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचे. मी गप्प. माझ्यापुरता हा गुन्हा मी अगदी आनंदाने केला.

पुढे अप्पांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे घरात खरी माणसं तीन. अप्पा, सूनबाई आणि मी. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "अप्पा, हा फ्रीज फारच आवाज करतो, नाही का? दाखवायचा का कुणाला?"

अप्पांनी तिला खाटेवर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं, "हे बघ सूनबाई. तुझी सासू गेल्यापासून मला झोप लागते ती याच्या आवाजावर. हा बंद पडला की माझी झोप गेली. बाकी तुला घरात काय बदलायचं ते बदल. याला हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. चांगली पोरगी. माझ्या पाठीत थाप मारायची सवय तिलाही लागली.

आणि नेमकी हीच पोरगी नगर कार्यालयात नोकरीला लागली. खातं कुठलं? जुनी गार करणारी यंत्रं शोधून त्यांच्यातला जुना गॅस काढून घ्यायचं! माझ्या घरातच माझा फौजदार.

झालं होतं असं. आभाळात फार फार उंचावर ओझोन नावाच्या वायूचा एक थर आहे. सूर्याच्या किरणांतला भाजून काढणारा भाग तो वरच्या वर अडवतो. तो विरळ झाला तर कातडीला रोग, डोळ्यांना मोतीबिंदू, पिकांची नासाडी. आणि हा थर कोण खात होतं? आमचे जावईबापू! गॅसराव खाली अगदी सभ्य, पण वर पोचला की उन्हात त्याचे तुकडे व्हायचे आणि एकेक तुकडा ओझोनचे हजारो कण फोडत सुटायचा. शास्त्रज्ञांनी बोंब मारली, सगळे देश एकत्र बसले, आणि असा गॅस करायलाच बंदी आली. कारखाने थांबले. उरला तो माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पोटात. तो हवेत न सोडता नीट काढून द्यायचा, असा नियम सूनबाईच्या कार्यालयाने काढला. काढायची मजुरी घरमालकाने द्यायची आणि नवा फ्रीजही त्यानेच घ्यायचा.

अप्पांनी हे ऐकलं मात्र, चहाचा कप खाली आपटला.

"म्हणजे गॅस बनवला कारखानदाराने, विकला दुकानदाराने, दोघांनी पोटभर कमावलं, आणि आता भुर्दंड कुणाला? मला! पिशव्या बदला म्हणालात, बदलल्या. दिवे बदला म्हणालात, बदलले. आता घरातला चांगला चालता-बोलता फ्रीज काढा?"

"अप्पा, मी कुठे म्हणतेय…"

"तुझं कार्यालय म्हणतंय. माझ्या एका फ्रीजने एवढ्या मोठ्या आभाळाचं काय वाकडं होणार आहे गं?"

"असं प्रत्येक घर म्हणतं अप्पा."

"मग बरोबरच म्हणत असतील!"

सूनबाई हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. दिवसभर ती दारोदार फिरायची. तिला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं की लोक दारं लावून घरात नसल्याचं सोंग करायचे. कुणी फ्रीजवर चादर टाकून त्यावर उशा रचायचे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मात्र दार उघडलं आणि विचारलं, "जुना नेताय, न्या. नवा घेईपर्यंत बाळाचं दूध कुठे ठेवू, ते सांगा." सूनबाईने वहीत त्या घरापुढची जागा कोरीच सोडली. ती घरी येऊन माझ्यासमोर दार उघडून उभी राहिली. तिला काही नको होतं. त्या दिवशी मी तिला दार लाव म्हटलं नाही.

त्यात ती नोकरीत कायम व्हायची होती. आणि सगळ्या गावाला नियम सांगणाऱ्या बाईच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी उभा, माझी कुठे नोंद नाही! "पुढच्या महिन्यात बघू," असं ती दर महिन्याला स्वतःला सांगायची. दुपारी अप्पांचं घोरणं ऐकलं की तिचा पुढचा महिना आणखी पुढे जायचा.

एक दिवस ती धावतच घरी आली. "अप्पा, मोठे साहेब येताहेत! याच गल्लीत काम आहे, जाता जाता आपल्याकडे चहा घेऊ म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही."

अप्पा ताडकन उठले. "येऊ देत. याचं कपाट करू."

आणि खरंच हो, त्यांनी माझं कपाट केलं! जुना पडदा आणून मला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं. मुठीवर दोन शर्ट लटकवले. डोक्यावर घड्याळ होतंच, शेजारी देवळातल्या मूर्तींसारखी ओळीने पुस्तकं उभी केली.

"वायर काढू का?" सूनबाईने विचारलं.

"छे! आत दूध आहे. मी बटण कमी करतो. हा माझं ऐकतो." माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, "गप्प राहायचं. कळलं?"

कळलं होतं हो. पण पडद्याने पाठ झाकली तर माझा जीव गुदमरतो, आतली उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही, हे अप्पांना कुठून कळणार? साहेब आले, घाम पुसत खुर्चीवर बसले, चहाचा पहिला घोट घेतला, आणि मला अगदी राहवेना. घुर्रर्रर्र!

साहेबांनी मान वळवली. "हे काय?"

"घड्याळ," अप्पा म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही.

"घड्याळ असा आवाज करतं?"

"जुनं आहे. म्हातारपणी छाती भरते."

सूनबाई बशीत बघत होती. मी थांबायचा प्रयत्न करत होतो, देवाशपथ. पण जितका थांबायला जावं तितका थरथरत होतो. पुस्तकं हळूहळू सरकायला लागली, एक शर्ट खाली पडला. आणि त्या थरथरीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, माझ्या डोक्यावरचं बाईंचं घड्याळ टिक् झालं. मग टिकटिक. मग टिकटिक टिकटिक, चालूच.

अप्पा पांढरे पडले. बाई गेल्या त्या दिवशी स्वतःच्या हाताने थांबवलेलं घड्याळ ते. इतकी वर्षं त्याला दिलेली किल्ली तशीच राहिली होती. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला आपली भीती वाटली. त्यांनी चहा संपवला, उठले, दाराशी चपला घालताना खाली बघत सूनबाईला म्हणाले, "आमच्या आईकडेही अगदी असंच एक घड्याळ आहे. दूध फार छान गार ठेवतं."

सूनबाईने दाराची कडी घट्ट धरली.

"सोमवारी दोन्ही घड्याळांची नोंद करून टाकू," साहेब म्हणाले. "लोकांना सांगत फिरायचं आणि आपण लपवायचं, मलाही रात्रंदिवस टोचतंय ते. आणि त्या शिवणकामवाल्या बाईंचंही काहीतरी बघायला हवं. नवा दारात आल्याशिवाय जुना उचलायचा नाही, असं करता आलं तर बघतो."

गेले. सूनबाई दाराला टेकून आधी खूप हसली आणि मग रडली. अप्पांजवळ येऊन म्हणाली, "अप्पा, सोमवारी मी याची नोंद करणार. मला असं नाही जमत हो."

अप्पा टिकटिक करणाऱ्या घड्याळाकडे बघत राहिले. थांबवायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेली होती. अप्पांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. म्हणाले, "सोमवारी तुला बघायला माणसं येतील. नीटनेटका दिसायला हवास. बघून म्हणतील, एवढा ठणठणीत फ्रीज कशाला काढायचा!" माझं बटण बंद केलं, वरचा कप्पा उघडला आणि काढली की हो ती सुरी!

"हाण, अप्पा!" गॅसराव आतून ओरडला.

अप्पांचे हात आता थरथरायला लागले होते. एक ढलपी निघाली, दुसरी निघाली, तिसऱ्याला सुरी घसरली. खच्!

सीऽऽऽ.

इतका बारीक आवाज की दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आला नसता. पण घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगचं दुखणं कानाने ओळखणारा माणूस तो! अप्पांना क्षणात कळलं आपण काय केलं ते. त्यांनी सुरी टाकली आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"सोड रे म्हाताऱ्या!" गॅसराव कळवळला. त्याचा थोडा भाग निसटलाच होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पसारही झाला. बाकीचा आत, अप्पांच्या अंगठ्यावर धडका देत.

सूनबाई पिशवी घेऊन आत आली तर हे दृश्य. सासरे माझ्या वरच्या कप्प्यात खांद्यापर्यंत घुसलेले, डोळे मिटलेले, ओठ घट्ट.

"अप्पा! काय झालं?"

"भोक पडलं. मी पाडलं. तुझ्या त्या गॅस काढणाऱ्या मेकॅनिकला बोलाव. पळ!"

तिने फोन लावला. मग साबणाची वडी आणली, फडकं आणलं, पण अंगठा काढला की सीऽऽऽ, ठेवला की गप्प. शेवटी साबण, त्यावर फडकं आणि त्यावर परत अप्पांचाच अंगठा, अशी व्यवस्था झाली. बर्फाच्या कप्प्यात तो अंगठा लालचा पांढरा व्हायला लागला.

"अप्पा, सोडा आता. गारठलाय तो. मी धरते."

"तुला जागा नाही सापडणार. मला लागतोय तो इथे."

"तुम्हीच म्हणत होतात ना, एका फ्रीजने आभाळाचं काय वाकडं होणार आहे?"

"म्हणत होतो," अप्पा दातओठ खात म्हणाले. "तेव्हा तो माझ्या अंगठ्याला लागत नव्हता!"

सूनबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. तुम्हाला सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात माझं दार एवढा वेळ उघडं राहिलं नव्हतं, आणि दार लावा असं मला एकदाही वाटलं नाही.

मेकॅनिक आला. हातात छोटा पंप, खांद्यावर रिकामा सिलिंडर. आत डोकावून म्हणाला, "आजोबा, तुम्ही जागचे हलू नका. मी याला थोडा वेळ चालू करतो, म्हणजे गॅस सगळा पाठीमागे गोळा होईल. तिथून खेचून घेतो."

"घे. पण मग हे भोक बुजवून परत भरशील ना?"

मेकॅनिक जरा घुटमळला. "भोक बुजेल. पण हा गॅस भरायला आता परवानगी नाही, आजोबा. आणि नवा गॅस याच्या यंत्राला मानवायचा नाही. हा आता फक्त काढता येतो."

"म्हणजे दुरुस्ती नाही?"

"नाही."

हेच वाक्य अप्पांनीही दुकानात कधीतरी कुणाला तरी सांगितलं असणार, आणि समोरच्याचा चेहरा बघितला असणार. अंगठा काढला असता तर वाद मिटलाच होता. गॅस हवेत, मेकॅनिक परत, काही काढायचा प्रश्न नाही. सूनबाई त्यांच्याकडे बघत होती.

"काढ," अप्पा म्हणाले. "पण आधी त्याला चालू करणार आहेस ना? जरा वेळ चालू दे."

बटण दाबलं. मी घुर्रर्र सुरू केलं. शेवटचं आहे हे मला कळलं होतं, म्हणून मनापासून केलं. सूनबाई मोबाइल घेऊन माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, अगदी माझ्या अंगाला चिकटून. मला वाटलं, कुणालातरी फोनवर माझा दंगा ऐकवतेय. जरा रागच आला. म्हटलं, आता तरी नावं ठेवू नका.

मग नळी जोडली. गॅसराव एकेक वळण सोडत निघाला.

"कुठे चाललो रे मी?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"सिलिंडरमध्ये."

"वर नाही?"

"नाही बाबा. वरचं भोक आता भरत चाललंय म्हणतात. तुझी तिथे कुणी वाट बघत नाही."

"इतकी वर्षं फिरलो आणि शेवटी बाटलीत!" तो म्हणाला आणि गेला. भांडकुदळ होता, पण माझा जीव तोच होता. मी टक् केलं आणि थांबलो. अप्पांनी अंगठा काढला. सूनबाईने तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, कितीतरी वेळ.

सोमवारी माझी नोंद झाली. साहेबांच्या आईच्या घड्याळाचीही झाली. सूनबाई पुढे कायमही झाली. नवा फ्रीज आला. काय बोलायचं त्याच्याबद्दल? उंच, दोन दारांचा, तोंडातून चकार शब्द नाही. फक्त दार जरा जास्त उघडं राहिलं की टूं टूं करून शिस्त शिकवतो. तेवढं एक मला आवडलं.

मला भंगारात न्यायला माणसं आली, तेव्हा अप्पा आडवे आले. "गॅस दिला ना? आता हे माझं कपाट आहे." आणि खरंच मी कपाट झालो, या खेपेला पडद्याशिवाय. माझ्या फळ्यांवर आता घड्याळं असतात. बाईंचं घड्याळ चालू झालं त्याचं निमित्त झालं, अप्पांनी भिंग शोधून काढलं आणि भिंतीवरचं एकेक घड्याळ उतरवून साफ करायला घेतलं. सकाळ छान जायची.

पण दुपार? दुपारी खाटेवर पडायचे आणि छताकडे बघायचे. या कुशीवरून त्या कुशीवर. घड्याळांची टिकटिक आता सोसत होती, पण तिने झोप येत नव्हती. नव्या फ्रीजजवळ जाऊन त्याला कान लावायचे. तो मख्ख. परत येऊन माझ्या पाठीत थाप मारायचे आणि पडायचे. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मी आतल्या आत तडफडायचो, पण पोटात वाराच नाही तर घोरणार कशाने? आभाळ वाचलं, चांगलं झालं, वाचायलाच हवं होतं. पण त्याची किंमत त्या खाटेवर पडलेली मला रोज दिसत होती.

काल सुट्टी होती. सूनबाई दुपारी घरी होती. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपल्याचं सोंग करत. ती पाय न वाजवता आली, माझं दार उघडलं, घड्याळं जरा बाजूला सारली, मधल्या फळीवर मोबाइल ठेवला आणि दार लावलं.

आणि माझ्या पोटातून आवाज आला. घुर्रर्रर्र!

मी दचकलो. हा तर मी! माझंच ते शेवटचं, मनापासून केलेलं घोरणं! म्हणजे त्या दिवशी ती कुणाला काही ऐकवत नव्हती. ती मला साठवून ठेवत होती.

अप्पांची पाठ हलली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझी वायर तर गुंडाळून खिळ्याला टांगलेली. त्यांनी वायरीकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं. तिने नजर चुकवली. अप्पांना सगळं कळलं. काही न बोलता त्यांनी परत भिंतीकडे तोंड केलं, पांघरूण ओढलं आणि नेहमीच्या खाष्ट आवाजात म्हणाले, "सूनबाई, दार नीट लागलंय का बघ त्याचं. गारवा बाहेर जातोय."

"लागलंय, अप्पा," ती म्हणाली.

आणि ते झोपले.

तर ही माझी हकीकत. तुमच्याकडे माझ्या वयाचा कुणी असेल, तर त्याला सुरी लावू नका, भंगारवाल्याकडून त्याची नळी तोडून घेऊ नका, आणि कपाट म्हणून लपवू नका, तो घोरून घात करतोच. नीट माणूस बोलावून त्याचा गॅस काढून द्या. आणि नियम करणाऱ्यांनो, तुम्हीही नियम करून झाला की एकदा घरात येऊन बघा, त्या फ्रीजशेजारी कुणाची खाट आहे का ते.

आता जा. आजची दुपार आहे, अप्पा आत्ताच कुठे झोपलेत आणि मोबाइल माझ्या पोटात वाजतोय. मी टक् करून थांबायचो ना, तेवढा भाग सूनबाईने कापून टाकलाय. आता मी मध्ये थांबत नाही.

बघत काय उभे राहिलात? दार लावा. हळूच.